स्कॉटलंडचा वरिष्ठ न्यायाधीश कसा घडतो: लॉर्ड कलन यांच्या कारकिर्दीच्या आधारे

प्रश्न असा आहे: लॉर्ड कलन हे नाव कधी तेलाच्या प्लॅटफॉर्मवरील आगीच्या अहवालात दिसते, कधी शाळेतल्या गोळीबाराच्या चौकशीत, कधी लंडनच्या रेल्वे अपघाताच्या संदर्भात, तर कधी लॉकरबी विमानस्फोटाच्या अपिलात. एकच न्यायाधीश इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी कसा? आणि स्कॉटलंडमध्ये या पदापर्यंत जाण्याची वाट नेमकी कशी असते?

थोडक्यात सांगायचे तर तिथले न्यायपीठ फार लहान आहे. सर्वोच्च पातळीवरचे पूर्णवेळ न्यायाधीश सगळे मिळून पस्तीसच्या आसपास. त्यामुळे दिवाणी, फौजदारी, अपील, प्रशासन आणि सार्वजनिक चौकशा ही सगळी कामे आलटून पालटून त्याच माणसांकडे जातात. आपल्याकडे ज्येष्ठतेची यादी पाहून पुढचा सरन्यायाधीश कोण हे आधीच सांगता येते. तिथे तसे सांगता येत नाही. कोणाला कुठे बसवायचे हे त्याने आधी काय काम केले आहे आणि पुराव्याच्या ढिगातून नेमके काय घडले ते काढण्याचा त्याचा हात किती बसलेला आहे, यावर बरेच ठरते. कलन यांची कारकीर्द याच एका कसबावर उभी आहे, म्हणून उदाहरणासाठी तीच सोयीची.

आधी न्यायालयांची नावे नीट लावून घेऊ, कारण मराठी वाचकाचा पहिला घोटाळा ‘हायकोर्ट’ या शब्दापाशी होतो. स्कॉटलंडमधले हायकोर्ट, पूर्ण नाव हायकोर्ट ऑफ जस्टिशियरी, हे फक्त फौजदारी न्यायालय आहे. ते १६७२ मध्ये स्थापन झाले. दिवाणी बाजूचे सर्वोच्च न्यायालय म्हणजे कोर्ट ऑफ सेशन. ते १५३२ मध्ये पाचव्या जेम्स राजाच्या काळात उभे राहिले. ही दोन न्यायालये वेगळी, पण न्यायाधीश तेच. सोमवारी खुनाच्या खटल्यात लाल क्रॉस असलेला पांढरा झगा घालून बसणारा माणूस पुढच्या आठवड्यात एखाद्या कराराच्या वादात गडद लाल झग्यात दिसतो. या न्यायाधीशांचे अधिकृत पदनाम ‘कॉलेज ऑफ जस्टिसचे सेनेटर’ असे आहे. इथे कॉलेज म्हणजे न्यायाधीश आणि वकील यांचा मिळून झालेला संघ. शिक्षणसंस्थेशी त्याचा संबंध नाही.

कोर्ट ऑफ सेशनचेही दोन भाग आहेत. आउटर हाउसमध्ये एकेकटा न्यायाधीश दावे चालवतो. इनर हाउसमध्ये साधारणपणे तिघांचे खंडपीठ अपिले ऐकते. इनर हाउसच्या पहिल्या विभागाचा प्रमुख लॉर्ड प्रेसिडेंट आणि दुसऱ्याचा लॉर्ड जस्टिस क्लार्क. लॉर्ड प्रेसिडेंट हाच फौजदारी बाजूला लॉर्ड जस्टिस जनरल म्हणवतो. एकोणिसाव्या शतकात ही दोन पदे एकत्र झाली आणि आजही तशीच आहेत. दिवाणी अपील पुढे लंडनला सुप्रीम कोर्टात जाऊ शकते. फौजदारी अपिलाचा शेवट मात्र एडिनबरोतच होतो. मानवी हक्कांशी किंवा हस्तांतरित अधिकारांशी (म्हणजे लंडनच्या संसदेने स्कॉटलंडकडे सोपवलेल्या अधिकारांशी) विसंगतीचा मुद्दा असेल तरच तेवढा मुद्दा लंडनला जातो. १७०७ च्या एकीकरणाच्या तहातील १९ व्या कलमाने कोर्ट ऑफ सेशन कायम राहील याची हमी दिली होती, म्हणूनच स्कॉटलंडची कायदापद्धती इंग्लंडच्या पोटात विरघळली नाही. याच कलमात न्यायाधीश होण्याची पात्रताही लिहिलेली आहे: अ‍ॅडव्होकेट म्हणून पाच वर्षे. तीनशे वर्षांपूर्वीची ही अट आजही पात्रतेचा एक मार्ग आहे.

आता अ‍ॅडव्होकेट. आपल्याकडे सनद मिळालेला कोणीही वकील स्वतःला अ‍ॅडव्होकेट म्हणवतो. स्कॉटलंडमध्ये हा शब्द फक्त फॅकल्टी ऑफ अ‍ॅडव्होकेट्सच्या सभासदाला लागू होतो, म्हणजे वरच्या न्यायालयात उभा राहून युक्तिवाद करणाऱ्याला. अशिलाशी थेट व्यवहार, कागदपत्रे, पैशांचा हिशेब हे सॉलिसिटरचे काम. अ‍ॅडव्होकेटला काम बहुतेक वेळा सॉलिसिटरकडून येते.

आजची वाट अशी: कायद्याची चार वर्षांची पदवी (आधीच दुसरी पदवी असेल तर दोन वर्षांत होते), मग व्यावसायिक डिप्लोमाचे एक वर्ष, मग सॉलिसिटरच्या कार्यालयात उमेदवारी, आणि त्यानंतर आठ-नऊ महिने ‘डेव्हिलिंग’. डेव्हिल म्हणजे अनुभवी अ‍ॅडव्होकेटच्या हाताखाली शिकणारा उमेदवार. तो दावापत्रांचे मसुदे करतो, गुरूबरोबर कोर्टात बसतो, फॅकल्टीचे प्रशिक्षण घेतो. परंपरेने या काळात पगार नसतो. शिष्यवृत्त्या आहेत, पण कमी. मुले गळतात ती बहुधा इथे. बुद्धी असते, पण आधीच कर्ज असलेल्याला आणखी जवळपास वर्षभर बिनकमाईचे काढणे जड जाते. न्यायपीठावर कोणत्या घरांतून माणसे येतात याची चर्चा करताना लोक नेमणुकीच्या पद्धतीकडे बोट दाखवतात. खरी चाळणी त्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधी लागलेली असते.

डग्लस कलन यांचा जन्म १९३५ चा, शिक्षण डंडीत, नंतर सेंट अँड्र्यूज विद्यापीठ आणि कायद्यासाठी एडिनबरो. १९६० मध्ये ते अ‍ॅडव्होकेट झाले. स्कॉटलंडच्या अ‍ॅडव्होकेटांना एकत्र येऊन भागीदारी करता येत नाही. प्रत्येक जण स्वतंत्र. इंग्लंडच्या बॅरिस्टरांसारखी वेगवेगळ्या इमारतींत विखुरलेली चेंबर्सही तिथे रूढ नाहीत. अ‍ॅडव्होकेट गटागटाने एका क्लार्कच्या व्यवस्थेखाली काम करतात. या गटाला ‘स्टेबल’ म्हणजे चक्क तबेला म्हणतात. काम चालते ते एडिनबरोच्या पार्लमेंट हाउसमध्ये (नाव संसदेचे, पण आता न्यायालयांची इमारत), सतराव्या शतकापासूनच्या अ‍ॅडव्होकेट्स लायब्ररीत आणि शेजारच्या पार्लमेंट हॉलमध्ये. त्या हॉलमध्ये दोन वकील बोलत बोलत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालताना दिसतात. एका जागी उभे राहिले तर बोलणे शेजारच्याच्या कानावर जाते. याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे: सगळी वकीलमंडळी आणि सगळे न्यायाधीश एकाच छताखाली. कोणाचा युक्तिवाद पोकळ, कोण कागद न वाचता उभा राहतो, कोण विरुद्ध बाजूला फसवत नाही, हे दहा वर्षांत सर्वांना कळलेले असते.

कलन १९७० ते १९७३ या काळात सीमाशुल्क आणि अबकारी खात्याचे स्थायी कनिष्ठ वकील होते. हे पद ऐकायला किरकोळ वाटते, पण कारकिर्दीची दिशा इथेच ठरते. सरकारी खात्याचे काम नियमित येते, त्यात पळवाटांना जागा कमी असते आणि आपल्या अशिलाविरुद्ध जाणारा कागदही स्वतःच समोर ठेवायची सवय लागते. १९७३ मध्ये ते क्वीन्स कौन्सेल झाले, म्हणजे आपल्याकडच्या ‘सीनियर’सारखा दर्जा. पुढे १९७७ ते १९८१ ते अ‍ॅडव्होकेट डेप्यूट होते. लॉर्ड अ‍ॅडव्होकेट हा सरकारी अभियोगाचा प्रमुख, आणि हायकोर्टात त्याच्या वतीने खून-बलात्काराचे खटले चालवतो तो अ‍ॅडव्होकेट डेप्यूट.

न्यायाधीश व्हायचे असेल तर हा टप्पा का महत्त्वाचा? हायकोर्टाचा खटला पंधरा जणांच्या ज्युरीपुढे चालतो. न्यायाधीश दोषी-निर्दोष ठरवत नाही. त्याने शेवटी ज्युरीला कायदा समजावून सांगायचा असतो, ज्याला ‘चार्ज’ म्हणतात. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, वाजवी शंका म्हणजे काय, आणि सर्वांत अवघड म्हणजे दुजोरा: स्कॉटलंडमध्ये गुन्ह्याचे मूलभूत घटक एकाच साक्षीदाराच्या शब्दावर सिद्ध होत नाहीत, दुसऱ्या स्वतंत्र स्रोताचा पुरावा लागतो. हा दुजोरा कोणत्या पुराव्यातून मिळू शकतो हे न्यायाधीशाने त्या खटल्यातल्या साक्षींची नावे घेऊन सांगायचे. इथे एक वाक्य चुकले तर अपिलात ‘न्यायाची हानी’ झाली असे ठरून शिक्षा रद्द होऊ शकते. आयुष्यभर कंपन्यांचे आणि करांचे दावे लढवलेला हुशार वकील थेट न्यायपीठावर येतो तेव्हा त्याचा पाय इथेच घसरतो. तयार मसुदा वाचून दाखवणे हा सर्वांना सुचणारा उपाय, आणि तोच धोक्याचा. सर्वसाधारण कायदा बरोबर सांगितला जातो, पण तो त्या खटल्याच्या पुराव्याला जोडला जात नाही. बरोबर चार्जमध्ये ‘अमुक साक्षीदाराने हे पाहिले म्हणता, तर त्याला दुजोरा द्यायला तमुक वस्तू पुरेशी धरता येईल’ असे थेट वाक्य असते.

१९८६ मध्ये कलन न्यायाधीश झाले. त्या काळी नेमणुकीसाठी अर्ज नसे. लॉर्ड अ‍ॅडव्होकेटच्या शिफारशीवर काम चाले. योग्य वाटलेल्या वकिलाला हळूच विचारले जाई. ज्याच्या हाती अभियोग त्याच्याच हाती नेमणूक, ही विसंगती जुनी होती. तिला मोठा धक्का बसला नोव्हेंबर १९९९ मध्ये, स्टार्स विरुद्ध रक्स्टन या निकालाने. खालच्या शेरीफ न्यायालयांत एकेका वर्षाच्या नेमणुकीवर तात्पुरते शेरीफ बसवले जात. इथे शेरीफ म्हणजे न्यायाधीश. मुंबईचे नामधारी शेरीफ किंवा अमेरिकेतले पोलिसी शेरीफ डोळ्यांसमोर आणू नयेत. त्यांना परत नेमायचे की नाही हे लॉर्ड अ‍ॅडव्होकेटच्या मर्जीवर, आणि त्यांच्यासमोर फिर्याद चालवणारा अभियोक्ताही लॉर्ड अ‍ॅडव्होकेटच्याच हाताखालचा. असे न्यायालय युरोपीय मानवी हक्क कराराच्या सहाव्या कलमाच्या अर्थाने स्वतंत्र नाही, असे हायकोर्टाने ठरवले. खंडपीठात अध्यक्षस्थानी होते स्वतः कलन, आणि सोबत लॉर्ड प्रॉसर व लॉर्ड रीड. तात्पुरत्या शेरीफांचे काम थांबले, २००० मध्ये कायदा करून ठरावीक मुदतीचे अर्धवेळ शेरीफ आणावे लागले आणि २००२ मध्ये न्यायिक नेमणूक मंडळ आले. २००८ च्या कायद्याने त्या मंडळाला वैधानिक आधार दिला.

आज रिकामी जागा जाहीर होते आणि अर्ज करावा लागतो. मंडळात कायद्याबाहेरच्या सभासदांची संख्या न्यायाधीश-वकील सभासदांइतकी असते आणि अध्यक्ष कायद्याबाहेरचाच. निवड फक्त गुणवत्तेवर, आणि चारित्र्य चांगले असल्याची मंडळाची खात्री हवी. शिफारस जाते फर्स्ट मिनिस्टरकडे, म्हणजे स्कॉटलंड सरकारच्या प्रमुखाकडे, तिथून राजाकडे. लॉर्ड प्रेसिडेंट आणि लॉर्ड जस्टिस क्लार्क या दोन पदांसाठी स्वतंत्र समिती बसते. तिथे फर्स्ट मिनिस्टरने नाव सुचवायचे आणि पंतप्रधानाने ते राजाकडे न्यायचे. सुचवलेल्या नावाबाहेर जाण्याचा अधिकार पंतप्रधानाला नाही. १९९० च्या कायद्यानंतर पाच वर्षे काम केलेले शेरीफ आणि वरच्या न्यायालयांत उभे राहण्याचा हक्क पाच वर्षे असलेले सॉलिसिटरही पात्र ठरले. लेडी कॉसग्रोव्ह १९९६ मध्ये पहिल्या महिला सेनेटर झाल्या. त्या आधी शेरीफ होत्या.

उपाधीबद्दल एक खुलासा, कारण बातम्यांत यावरून नेहमी गोंधळ होतो. सेनेटर झाल्यावर मिळणारे ‘लॉर्ड’ किंवा ‘लेडी’ हे पदाचे संबोधन आहे. त्याने हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळत नाही. आडनाव आधीच दुसऱ्या न्यायाधीशाने घेतलेले असेल तर गावाचे नाव घेतात. कोलिन सदरलँड म्हणून लॉर्ड कार्लोवे झाले. पॉल कलन लॉर्ड पेंटलँड झाले, आणि २०२५ पासून ते लॉर्ड प्रेसिडेंट आहेत. आपल्या कलन यांना पुढे २००३ मध्ये खरीखुरी उमरावकी मिळाली तेव्हा त्यांनी ‘व्हाइटकर्कचे’ असे जोडले, कारण लॉर्ड कलन नावाचे दुसरे वंशपरंपरागत घराणे आधीपासून होते.

आता त्या आगीकडे, कारण कलन यांचे नाव जगभर गेले ते तिथून. पायपर अल्फा हा उत्तर समुद्रातला ऑक्सिडेंटल कंपनीचा तेल आणि गॅसचा प्लॅटफॉर्म, अ‍ॅबर्डीनच्या ईशान्येला सुमारे १९० किलोमीटरवर. ६ जुलै १९८८ च्या रात्री तो जळाला आणि १६७ माणसे मेली. चौकशी कलन यांच्याकडे आली तेव्हा त्यांना न्यायाधीश होऊन दोनच वर्षे झाली होती. प्लॅटफॉर्म समुद्रतळाशी, ऑपरेटर बहुतेक मेलेले, नोंदवह्या गेलेल्या. १८० दिवस पुरावा ऐकला गेला. सोबत तीन तांत्रिक सल्लागार होते, पण निष्कर्षाची जबाबदारी एकट्या न्यायाधीशाची.

त्यातून उभे राहिलेले चित्र असे. कंडेन्सेटचे, म्हणजे गॅसमधून वेगळ्या होणाऱ्या ज्वलनशील द्रवाचे, दोन पंप, ए आणि बी. ए पंपाचा दाब सोडणारा सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढून त्या जागी ब्लाइंड फ्लँज (नळीचे तोंड बंद करणारी चकती) बसवला होता, आणि तो गळती रोखेल इतका आवळलेला नव्हता. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. झडप काढल्याची माहिती पाळी बदलताना रात्रीच्या माणसांपर्यंत पोचली नाही, कारण वर्क परमिटची (दुरुस्तीच्या कामासाठीच्या लेखी परवान्याची) पद्धत कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी होती. पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला. रात्रपाळीने ए पंप चालू करायला घेतला. फ्लँजमधून कंडेन्सेट सुटले आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला. आग विझवणारे पाण्याचे पंप आपोआप सुरू होणार नाहीत अशा स्थितीत ठेवलेले होते, कारण पाणबुडे पाण्यात उतरत आणि ते पंपाच्या ओढीत सापडू नयेत. त्याहून घातक गोष्ट म्हणजे शेजारचे टार्टन आणि क्लेमोर हे प्लॅटफॉर्म पायपरशी जोडलेल्या वाहिन्यांत तेल-गॅस ढकलत राहिले. वीस मिनिटांनी टार्टनकडून येणारी गॅसवाहिनी फुटली, आणि मग वाचण्याची आशा फारशी राहिली नाही.

सर्व काही पाण्याखाली असताना ‘ब्लाइंड फ्लँज’पर्यंत पोचायचे म्हणजे एकेक शक्यता बाद करत जायची. इथे फौजदारी खटल्याचे ‘वाजवी शंकेपलीकडे’ हे माप लागत नाही. दिवाणी दाव्यासारखे ‘अधिक संभाव्य काय’ एवढेच ठरवायचे असते. वाचलेल्यांनी ऐकलेले आवाज, नियंत्रण कक्षात वाजलेल्या गॅसच्या इशाऱ्यांचा क्रम, वायू कसा पसरेल याच्या चाचण्या, पाळीच्या वेळा हे सगळे एकमेकांवर ठेवून पाहायचे. जो अंदाज सगळ्यांशी जुळतो तो ठेवायचा, पण ज्या साक्षीशी तो जुळत नाही तिचा उल्लेख गाळायचा नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये अहवाल आला. त्यात १०६ शिफारशी होत्या आणि सगळ्या स्वीकारल्या गेल्या. सर्वांत मोठी शिफारस अशी: सरकारने तपशीलवार नियम लिहून ते पाळले की नाही ते पाहण्याऐवजी चालकानेच आपल्या प्लॅटफॉर्मवरचे धोके शोधून, ते कसे आवरले आहेत हे सिद्ध करणारा ‘सेफ्टी केस’ सादर करावा आणि तो मान्य झाल्याशिवाय काम चालवू नये. १९९२ मध्ये तसे नियम झाले. समुद्रातील सुरक्षेची देखरेखही ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य-सुरक्षा कार्यकारी यंत्रणेकडे दिली गेली. ज्या खात्याला उत्पादन वाढवायचे आहे त्यालाच सुरक्षेचा पहारेकरी नेमू नये, हा त्यामागचा विचार. तेल-गॅस क्षेत्रात काम करणारे मराठी अभियंते वर्क परमिट आणि पाळीची सोपवणूक यांबद्दल जे शिकतात, त्यात पायपर अल्फाचे उदाहरण हमखास असते.

कंपनीवर फौजदारी खटला मात्र झाला नाही. यावर लोकांचा राग समजण्यासारखा आहे, पण चौकशीचा न्यायाधीश कोणाला दोषी ठरवू शकत नाही. त्याच्या हातात फक्त घटनाक्रम आणि शिफारस.

डनब्लेनची चौकशी याच्या अगदी उलट प्रकारची. १३ मार्च १९९६ ला प्राथमिक शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. काय घडले यावर वाद नव्हता. प्रश्न होता तो मारेकऱ्याकडे कायदेशीर परवान्याची पिस्तुले कशी राहिली हा. १९९१ मध्येच एका पोलीस अधिकाऱ्याने परवाना काढून घ्यावा असे लेखी कळवले होते आणि वरिष्ठांनी ते मानले नव्हते. सुनावणी मेअखेरीस सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये अहवाल बाहेर आला. कलन यांनी एकाहून जास्त गोळ्या झाडणारी पिस्तुले क्लबबाहेर वापरता येणार नाहीत अशी निकामी करून ठेवण्याचा, आणि ते जमत नसेल तर व्यक्तींकडे ती ठेवण्यावरच बंदी घालण्याचा विचार व्हावा असे सुचवले. सरकार त्याच्याही पुढे गेले आणि १९९७ मध्ये हँडगनवर बंदीचे कायदे झाले. या चौकशीतली न पटणारी बाब म्हणजे काही कागदपत्रे शंभर वर्षांसाठी बंद ठेवली गेली. हेतू मुलांची ओळख झाकण्याचा होता, पण मुदतीचा आकडा ऐकूनच संशय वाढला. २००५ मध्ये बरेचसे कागद खुले करावे लागले. बंद काय ठेवायचे आणि का, हे ओळीओळीने ठरवून जाहीर केले असते तर हे टळले असते.

१९९७ मध्ये कलन लॉर्ड जस्टिस क्लार्क झाले. ५ ऑक्टोबर १९९९ ला लंडनमध्ये पॅडिंग्टनजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह इथे दोन गाड्या समोरासमोर धडकून ३१ जण मेले, तेव्हा इंग्लंडमधल्या या अपघातासाठीही त्यांनाच बोलावले गेले. लाल सिग्नल ओलांडणारा चालक नवखा होता, तर तो एसएन १०९ क्रमांकाचा सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. आठ वेळा आठ चालक चुकले असतील, तर दोष चालकांच्या डोळ्यांत शोधून भागत नाही. पायपरमध्ये पाळी बदलताना हरवलेली माहिती आणि इथे आठ नोंदी असूनही कोणी न हललेली यंत्रणा, एकच रोग. २००१ च्या दोन भागांतल्या अहवालांतून रेल्वे अपघातांची स्वतंत्र तपास शाखा निघाली. ती २००५ पासून काम करते.

२००१ ते २००५ ते लॉर्ड प्रेसिडेंट होते. या पदावरचा माणूस अपिले ऐकतो तसाच न्यायाधीशांची वाटणी, कामाचे नियम, शिस्त हेही पाहतो; २००८ च्या कायद्यानंतर तो साऱ्या स्कॉटिश न्यायव्यवस्थेचा अधिकृत प्रमुख आहे. नेदरलँड्समधील कॅम्प झाइस्ट इथे तीन स्कॉटिश न्यायाधीशांनी ज्युरीविना लॉकरबीचा खटला चालवून जानेवारी २००१ मध्ये मेग्राही या लिबियन आरोपीला दोषी ठरवले होते. त्याचे अपील पाच न्यायाधीशांपुढे तिथेच चालले, अध्यक्ष कलन, आणि मार्च २००२ मध्ये ते फेटाळले गेले. त्या शिक्षेबद्दलचा वाद अजून शमलेला नाही. २०२१ मध्ये मरणोत्तर अपीलही फेटाळले गेले.

इतक्या लहान न्यायपीठाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे आधीचे आयुष्य आडवे येणे. लॉर्ड हार्डी हे लॉर्ड अ‍ॅडव्होकेट असताना त्यांनी एका कायद्याचा अर्थ संसदेत सरकारच्या बाजूने मांडला होता. पुढे न्यायाधीश म्हणून तोच मुद्दा त्यांच्यासमोर आला आणि ते बसले. २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (सुप्रीम कोर्ट येण्याआधी शेवटचे अपील तिथेच जाई), पक्षपाताचा वाजवी भास होतो म्हणून, तो निकाल टिकू दिला नाही. लॉर्ड मॅक्लस्की यांनी २००० मध्ये एका रविवारच्या वृत्तपत्रात मानवी हक्क करारावर बोचरा लेख लिहिला. त्याच सुमारास त्या करारावर आधारलेले अपील त्यांनी ऐकले होते. तो निकालही बाजूला ठेवून नव्याने सुनावणी करावी लागली. दोघेही प्रामाणिक होते, आणि त्याने काही फरक पडला नाही. मागची सगळी वकीलपत्रे, भाषणे, लेख आठवून सुनावणीआधी उभय पक्षांना सांगून टाकणे, हा त्यावरचा कंटाळवाणा पण एकमेव उपाय.

दुसरी अडचण उशिराची. सुनावणी संपली की न्यायाधीश ‘अ‍ॅव्हायझँडम’ घेतो, म्हणजे निकाल विचारासाठी राखून ठेवतो. नेमका याच वेळी त्याला फौजदारी खटल्यासाठी ग्लासगोला पाठवले की दिवाणी निकाल रखडतो. सार्वजनिक चौकशीचे तर विचारूच नका: एडिनबरोच्या ट्रामची चौकशी २०१४ मध्ये निवृत्त लॉर्ड हार्डींकडे गेली आणि अहवाल २०२३ मध्ये आला. पायपर अल्फाला आग लागल्यापासून अहवालापर्यंत अडीच वर्षेही लागली नव्हती.

सगळ्यांच्या वाटा कलन यांच्यासारख्याच असतात असे नाही. डेव्हिड होप १९८९ मध्ये एकही दिवस न्यायाधीश नसताना वकिलीतून थेट लॉर्ड प्रेसिडेंट झाले, पुढे लॉ लॉर्ड (हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये अपिले ऐकणारे न्यायाधीश) आणि सुप्रीम कोर्टाचे उपाध्यक्ष. अ‍ॅलन रॉजर रोमन कायद्याचे गाढे अभ्यासक, लॉर्ड अ‍ॅडव्होकेट, मग लॉर्ड प्रेसिडेंट. रॉबर्ट रीड १९९८ मध्ये न्यायाधीश, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि २०२० पासून त्याचे अध्यक्ष. लेडी डोरियन २०१६ मध्ये पहिल्या महिला लॉर्ड जस्टिस क्लार्क झाल्या. लंडनच्या न्यायपीठावर दोन स्कॉटिश न्यायाधीश असावेत हा संकेत आहे. त्याचे फळ आपल्या विधी महाविद्यालयांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने चाखले आहे: निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया ठरलेला, बाटलीतल्या गोगलगायीचा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा १९३२ चा निकाल मुळात पेस्लीहून आलेले स्कॉटिश अपील होते, आणि लॉर्ड अ‍ॅटकिन यांच्यासोबत बहुमतात बसलेले थँकरटन आणि मॅकमिलन हे दोघेही स्कॉटिश.

कलन २००५ मध्ये सत्तरीला निवृत्त झाले. ही वयोमर्यादा २०२२ पासून ७५ झाली आहे. निवृत्तीनंतर सरकारने त्यांच्याकडे अपघाती मृत्यूंच्या चौकशीचा कायदा तपासायला दिला. कामावर किंवा कोठडीत मृत्यू झाला की स्कॉटलंडमध्ये शेरीफपुढे अशी चौकशी होते. तिथेही कोणी दोषी ठरत नाही, फक्त कारण आणि टाळता आले असते का एवढेच पाहायचे. २००९ च्या त्यांच्या अहवालात ३६ शिफारशी होत्या आणि त्यांवर आधारलेला कायदा २०१६ मध्ये झाला. आता शेरीफने चौकशीत सहभागी असलेल्या एखाद्या कंपनीला किंवा खात्याला शिफारस केली तर त्यांनी आठ आठवड्यांत लेखी उत्तर द्यावे लागते: काय केले, काय करणार आहोत, आणि करणार नसू तर का नाही.